घरच्या कंपनीनं ऑर्डर नाकारली? मग नाशिकच्या शैलजा जैन काय करतात ते बघा



भोसरी, चाकण, तळवडे, कुठेही जा, नवीन शेड टाकणाऱ्याचा एकच प्रश्न असतो: "सर, मोठ्या कंपनीचा व्हेंडर कोड मिळेना. आता काय करू?" आज याचं उत्तर एका कोचच्या गोष्टीतून घेऊ.

शैलजा जैन या नाशिकच्या कबड्डी प्रशिक्षक. कित्येक वर्षं त्यांनी नाशिकमध्ये मुली घडवल्या. भारतीय महिला संघाचं प्रशिक्षकपद मिळावं ही त्यांची इच्छा होती, पण ते काम त्यांना मिळालं नाही. इराणकडून मात्र आमंत्रण आलं आणि वयाच्या साठीच्या आसपास त्या तिथे गेल्या.

आता 24 ऑगस्ट 2018 ची जकार्तामधली एशियाड फायनल बघा. महिला कबड्डी एशियाडमध्ये आली 2010 साली. 2010 आणि 2014, दोन्ही वेळा सुवर्ण भारताचं. 2014 च्या फायनलमध्ये तर आपण इराणलाच हरवलं होतं. जकार्तात पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले. निकाल: इराण 27, भारत 24. इराणच्या बाकावर कोच कोण? आपल्या नाशिकच्या शैलजाताई!

भारतीय म्हणून आपल्याला वाईट वाटलं, वाटणारच. पण व्यवसाय करणाऱ्यानं इथे तीन गोष्टी टिपून घ्याव्यात.

1. एकाचा नकार म्हणजे बाजाराचा नकार नाही.
ज्यांच्याकडून काम मिळावं असं वाटत होतं त्यांनी दिलं नाही, म्हणून ताईंचं कौशल्य कमी झालं नाही. तुमचंही तसंच आहे. तुमच्या व्हीएमसीला काय माहीत की पार्ट गाडीचा आहे की औषध कंपनीच्या मशीनचा? उलट एकाच कंपनीवर चालणारं शेड जास्त धोक्यात असतं. तळेगावच्या जनरल मोटर्सचं उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबलं. पुढे तो प्लांट ह्युंदाईनं घेतला, पण मधल्या काळात ज्याचं सगळं काम त्या एकाच गेटमधून येत असेल, त्यानं बँकेचा हप्ता कसा भरायचा?

2. नव्या ग्राहकाची भाषा आपणच शिकायची.
इराणच्या मुलींशी बोलता यावं म्हणून ताई फारसी शिकल्या. "मी मोठी कोच, तुम्हीच माझी भाषा शिका," असं म्हणत बसल्या नाहीत. तुम्ही गाड्यांच्या पार्टवरून फूड मशिनरीकडे वळलात तर तिथली भाषा वेगळी असते. तो तुम्हाला एसएस 304 की 316 विचारणार, मटेरियल सर्टिफिकेट मागणार, वेल्डिंगच्या जागी अन्न अडकणार नाही ना हे बघणार. पहिल्या भेटीत रेट सांगण्याआधी हे समजून घ्या.

3. आपलं वेगळं काहीतरी सोबत न्यायचं.
ताईंनी इराणच्या सरावात योग आणि प्राणायाम आणला. कबड्डीत दम आणि डोकं शांत ठेवणं किती महत्त्वाचं, हे तुम्हाला माहीत आहेच. तुमचं असं काय आहे? गाड्यांच्या कामात लागलेली शिस्त: प्रत्येक लॉटसोबत इन्स्पेक्शन रिपोर्ट, ठरल्या दिवशी माल. आपल्या पट्ट्यात ही रोजची गोष्ट असली, तरी बाहेर सगळीकडे ती मिळतेच असं नाही.

आता कुणी म्हणेल, "सर, हे लगेच होईल का?" नाही होणार. अमेरिकेत पॅट समिट नावाच्या बाई 1974 मध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी, टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. पगार महिना 250 डॉलर. संघाची गाडी त्याच चालवायच्या, खेळाडूंचे कपडेही त्याच धुवायच्या. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं 1987 मध्ये, म्हणजे 13 वर्षांनी! 2012 मध्ये थांबल्या तेव्हा खात्यावर 1098 विजय आणि 8 विजेतेपदं होती. ताईंचं इराणमधलं यशही दीड-दोन वर्षांचं दिसतं, पण त्यामागे नाशिकच्या मैदानावरची सगळी वर्षं आहेत. पाया पक्का असेल तरच नव्या गावात काम जमतं.

तर आजचा होमवर्क. वही घ्या, मोबाईल नको. गेल्या 12 महिन्यांचं बिलिंग ग्राहकाप्रमाणे लिहा. सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा वाटा निम्म्याहून जास्त आहे? मग याच आठवड्यात दुसऱ्या क्षेत्रातल्या तीन कंपन्यांची नावं काढा आणि एकीच्या परचेसवाल्याला फोन करा. शेड अजून सुरूच केलं नसेल तर उत्तमच. मशीनचं कोटेशन मागवण्याआधी दोन वेगळ्या क्षेत्रांतले ग्राहक कागदावर लिहा. दुसरं नाव सुचत नसेल, तर कर्ज घ्यायची वेळ अजून आलेली नाही.

कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत!