पाच भाकरी कुणाच्या होत्या?

बेंगळुरूतल्या मराठी आईबाबांनो, मुलांना द्यायची सवय लावायची असेल तर बायबलमधली पाच भाकरी, दोन मासळ्यांची गोष्ट सांगा. तेवढ्यात ५ हजार जण जेवल्याचा हा प्रसंग चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत आहे. पण भाकरी एका मुलाच्या होत्या आणि त्याही जवाच्या, म्हणजे गरिबाघरच्या, हे फक्त योहान सांगतो (अध्याय ६). मुलं तिथंच कान टवकारतात.

मार्कमधली (अध्याय १२) जवळची होती नव्हती ती दोन नाणी देणारी विधवा जरा मोठ्या मुलांसाठी. लहानगी 'मग ती जेवली काय?' विचारून आपल्यालाच पेचात पाडतात!

शेवटी प्रवचन नको. 'तू काय दिलं असतंस?' एवढंच विचारा. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं मुख्यालय इथंच, महात्मा गांधी रस्त्यावर आहे. मराठी बायबलची तिथं चौकशी करा.