गाडी येणार, आम्ही कुठे जाणार?

३१ मार्च १९६४ रोजी मुंबईत शेवटची ट्राम धावली. तिची आठवण काढताना जुनी माणसे आजही हळवी होतात. पण २०१५ मध्ये भुयारी मेट्रोसाठी घरे जाणार असे कळले, तेव्हा गिरगाव-काळबादेवीचे लोक विरोधासाठी रस्त्यावर उतरले. रुळांवर इतका जीव असलेले हे शहर नव्या रुळांना का बिचकले?

कारण साधे आहे. नव्या मार्गाचा फायदा लाखो लोकांत वाटला जातो. तोटा मात्र मोजक्या उंबऱ्यांवर येऊन उभा राहतो. फायदा काही वर्षांनी, तोटा उद्या सकाळी.

कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा मार्ग ३३.५ किलोमीटरचा, स्थानके २७. स्थानक जमिनीखाली असले तरी त्याचे दार रस्त्यावरच लागते. गिरगावात मोकळी जागा कुठली? म्हणून जुन्या चाळींवर गंडांतर आले. तिथला माझा एक स्नेही म्हणायचा, “मेट्रोला माझी ना नाही. फक्त मी याच गल्लीत परत येणार, हे कुणीतरी कागदावर लिहून द्यावं.”

पारशी बांधवांची चिंता निराळी. बोगद्यामुळे आतषबेहरामातील पवित्र अग्नीचे भूमीशी असलेले नाते दुखावेल, म्हणून २०१८ मध्ये ते उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने अखेर काम होऊ दिले. रात्रीच्या यंत्रांच्या आवाजाविरुद्धही रहिवाशांनी दाद मागितली आणि दक्षिण मुंबईत रात्रीच्या कामाला काही काळ मनाई झाली. आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये कारशेडसाठी रात्रीच करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती.

विरोधाच्या घोषणा नीट ऐकल्या, तर त्यात प्रश्नच जास्त सापडतात. घर कुठे? कधी? झोपायचे केव्हा? झाडाच्या बदल्यात काय? ही उत्तरे आराखड्याबरोबरच घरोघर पोचली, तर निम्मे लोक कोर्टाची पायरी चढणार नाहीत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हा मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाला. परवा मीही त्या गाडीने गिरगावला उतरलो. स्नेही वर दाराशीच उभा होता. दूरच्या भाड्याच्या घरातून मुद्दाम आलेला.

“गाडी झकास आहे,” तो म्हणाला. मग समोरच्या अर्धवट इमारतीकडे मान वर करून तो मजले मोजू लागला.