अठराव्या वर्षी सातासमुद्रापार

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना १८ वर्षे पुरी होऊन आठवडाच झाला होता. सोबतीला मिशनरी बायका, यजमान इकडेच. ४ जूनला न्यूयॉर्क आले. तिथे आधार होता कार्पेंटरबाईंचा, त्यांचीही ओळख पत्रांतलीच.

पण खरा प्रश्न पुढेच होता, तो फिलाडेल्फियाच्या थंडीचा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत. आणि हिंदू म्हणूनच राहीन, हा शब्द तर निघण्यापूर्वी बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत दिलेला! मुलांच्या सामानात लोकरी कपडे कोंबणाऱ्या आयांनाच ही अडचण कळेल. बाईंनी गाऊन नाकारला, गुजराती पद्धतीने साडी नेसली. पाय झाकले, शब्दही राहिला. प्रकृती मात्र ढासळत गेली. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, वयाच्या २१ व्या वर्षी.