इंजिन उतरवण्याआधी

जुन्या जीपचं इंजिन ‘गेलं’ असं ठरवायला फारसा पुरावा लागत नाही. सायलेन्सरमधून निळा धूर येतो, डिपस्टिकवरची ऑइलची रेघ दर आठवड्याला खाली सरकते, पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये चढणारा घाट पहिला मागतो, आणि गॅरेजच्या दारात उभा असलेला प्रत्येक जण एकच सल्ला देतो: दुसरं इंजिन टाका. सल्ला देणाऱ्यांची नियत वाईट नसते. मेकॅनिकलाही उघडून, मोजून, लेथवर पाठवून महिनाभर अडकण्यापेक्षा तयार इंजिन दोन दिवसांत बसवणं सोयीचं असतं. पण रानावनात चालणाऱ्या गाडीत झिजलेलं इंजिन हा सर्वांत दुरुस्तीयोग्य भाग असतो. ते पुन्हा पुन्हा झिजावं आणि पुन्हा पुन्हा भरून निघावं अशाच हिशेबाने घडवलेलं असतं. त्यामुळे इंजिन बदलण्याचा निर्णय इंजिनाच्या झिजेवरून घ्यायचाच नाही. तो घ्यायचा ब्लॉक शाबूत आहे का, आणि इंजिनाच्या मागे व खाली जे आहे त्यात किती जीव उरला आहे, यावरून.

यावर पहिला आक्षेप इतिहासातून येतो, आणि तो वजनदार आहे. भारतीय जीपने कारखान्यातच किती इंजिनं बदलली! महिंद्राने मुंबईत जुळवायला घेतलेली जीप विलीसची होती. पुढे दीर्घकाळ इथे बनलेल्या सीजे-३बी मॉडेलमध्ये २१९९ सीसीचं ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन होतं. पेट्रोल परवडेनासं झालं तेव्हा ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंटरनॅशनल डिझेल आलं, मग फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याने २११२ सीसीचं एक्सडीपी आलं, त्यामागून २४९८ सीसीचं एक्सडी-३पी. कंपनीला चाललं ते मालकाला का चालू नये? उत्तर सीजे-३बीच्या बॉनेटकडे पाहिलं की मिळतं. हरिकेन हे आधीच्या ‘गो डेव्हिल’ इंजिनाचंच पुढचं रूप, क्षमता तीच. फक्त हवा आत घेणारे व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कुशीतून हेडमध्ये नेले. त्याने इंजिन उंच झालं आणि बॉनेट बंद होईना, म्हणून गाडीचा अख्खा दर्शनी भाग उंचावला. जीपवाले ज्याला ‘हाय बॉनेट’ म्हणतात ते एका सिलिंडर हेडमुळे जन्मलं. कंपनी इंजिन बदलते तेव्हा त्याच्याबरोबर माउंटिंग, क्लच, रेडिएटर, गिअरबॉक्स आणि पत्रा, सगळ्याचा नव्याने विचार करते आणि नंतर चाचण्या घेते. गॅरेजमध्ये बदलतं ते फक्त इंजिन. बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं असतं.

झीज मोजताना आणखी एक फसगत होते ती किलोमीटरमुळे. सीजे-३बीचं गणित करून पाहावं. पहिल्या गिअरचं प्रमाण २.८, ट्रान्सफर केसच्या लो रेंजचं २.४६ आणि डिफरन्शियलचं ५.३८. तिन्हींचा गुणाकार जवळजवळ ३७ येतो, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिन ३७ वेळा फिरतं. दोन हजार आरपीएमवर ही जीप त्या गिअरमध्ये ताशी सात किलोमीटरच्या आसपास सरकते, आणि टॉप गिअरमध्ये सपाटीवर तेवढ्याच फेऱ्यांत पन्नास. याचा अर्थ दगडाधोंड्यांतल्या चढणीचा एक किलोमीटर हमरस्त्यावरच्या सात किलोमीटरांइतका इंजिन फिरवतो, तोही भर लोडवर आणि समोरून वारा नसताना. ट्रॅक्टरचं आयुष्य म्हणूनच तासांत मोजतात. रानातल्या जीपचा ओडोमीटर ऐंशी हजार दाखवत असेल तर तो आकडा खरा असूनही निरुपयोगी आहे. ‘एवढ्यात कसं इंजिन काम निघालं’ ही तक्रार आणि ‘फक्त एवढीच चाललीय’ ही विकणाऱ्याची बढाई, दोन्ही एकाच चुकीच्या मापावर उभ्या आहेत.

म्हणून आधी मोजमाप. आणि त्याही आधी, दोष इंजिनाचाच आहे का हे पाहायचं. गाडी ओढत नाही म्हणून इंजिनाला शिव्या बसतात आणि क्लच प्लेट घसरत असते, ब्रेक शू ड्रमला घासत असतात, डिझेल फिल्टर तुंबलेला असतो, नोझल ठिबकत असतात किंवा पंपाचा टायमिंग सरकलेला असतो. सगळ्यांत गमतीचा गुन्हेगार म्हणजे टायर. मूळच्या सुमारे अठ्ठावीस इंची टायरांच्या जागी हौसेने एकतीस इंची बसवले की प्रत्येक गिअर साधारण दहा टक्क्यांनी उंच होतो. चढावर पहिल्यासारखा जोर राहत नाही तो त्यामुळे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत होते ती इथे: टायर मालकाने बदलले आणि बदलायला निघाला इंजिन.

हे सगळं बाजूला सारून उरलं तर खरी तपासणी. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये एका आकड्यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक अधिक बोलतो. चारही सारखेच थोडे उतरलेले असतील तर ते वय आहे. तीन ठीक आणि एक पडलेला असेल तर तो अपघात आहे: व्हॉल्व्ह जळाला, रिंग तुटली किंवा त्या सिलिंडरपाशी हेड गॅस्केट उडालं. पेट्रोल इंजिनात पडलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर गळती रिंगांशी आहे, नाही चढला तर वर व्हॉल्व्हशी किंवा गॅस्केटशी. डिझेलमध्ये हा प्रयोग करू नये, तिथल्या दाबाला ते ऑइलच पेट घेऊ शकतं. धुराचा रंगही सरसकट वाचायचा नसतो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, पांढरा म्हणजे थंडीत न जळलेलं डिझेल किंवा आत शिरलेलं पाणी, निळा म्हणजे ऑइल. पण निळ्या धुराचा उगम रिंगच असेल असं नाही. पेट्रोल जीप घाट उतरताना थ्रॉटल मिटलेला असतो, तेव्हा ओढल्या जाणाऱ्या पोकळीत झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल आत येतं आणि खाली पोचून पुन्हा रेस दिली की एकदम ढग सुटतो. असा ढग दिसला तर काम फक्त हेडचं आहे. उलट, ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर आतून धापा लागल्यासारखी हवा येत असेल, आणि इंजिन पुरतं गरम झाल्यावर आयडलिंगला ऑइलचा दाब जवळजवळ शून्यावर येत असेल, तर रिंगा आणि बेअरिंग दोन्ही बोलत आहेत. तरीही ती बातमी झिजेची आहे, मरणाची नव्हे.

झीज कशाने झाली हे न शोधता नवं इंजिन बसवणं म्हणजे त्यालाही त्याच खाईत लोटणं. जुन्या जीपांना ऑइल-बाथ एअर क्लीनर असे: वाटीतल्या ऑइलवरून हवा वळते आणि धूळ त्यात अडकते. सपाट उभ्या गाडीत ही रचना उत्तम. तीव्र उतारावर किंवा एका अंगाला झुकल्यावर वाटीतलं ऑइल सांडतं, आणि ताफ्यात मागे चालणाऱ्या जीपच्या नाकात पुढच्याची सगळी धूळ जाते. त्यातही डोळ्यांना न दिसणारा बारीक कणच घातक, कारण सिलिंडर आणि रिंग यांच्यामधल्या ऑइलच्या थरात तोच मावतो. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या रबरी पाइपाला गेलेली एक चीर एका मोसमात इंजिन संपवू शकते. ती तशीच ठेवून वर लाखभराचं इंजिन बसवणारे कमी नाहीत. पाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. एक्सडीपीच्या एका सिलिंडरची क्षमता ५२८ सीसी आणि कॉम्प्रेशन रेशो सुमारे २२. म्हणजे पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा अवघी पंचवीस सीसी, मोठे दोन चमचे भरतील एवढी. ओढा पार करताना त्याहून जास्त पाणी आत गेलं की ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन ‘गेलं’ म्हणून उतरवलं जातं, प्रत्यक्षात अनेकदा एक रॉड, एक पिस्टन आणि चांगला मोजणारा माणूस एवढंच लागतं.

ब्लॉक शाबूत असेल तर पुढचं काम ठरलेलं आहे. सिलिंडरची झीज सगळीकडे सारखी नसते. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे ती सर्वांत जास्त, तळाशी जवळजवळ नाही. बोर गेजने वरखाली आणि आडवंउभं मोजायचं. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागापलीकडे गेला की नुसत्या रिंगा टाकून सहसा भागत नाही, बोरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन घ्यावे लागतात. इंची मापाच्या इंजिनांना वीस, तीस, चाळीस थाउ (इंचाचा हजारावा भाग) अशा पायऱ्या असतात. पायऱ्या संपल्या तर स्लीव्ह. क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग. यातलं प्रत्येक पाऊल निर्मात्याने आधीच कल्पून ठेवलेलं आहे, नाहीतर ओव्हरसाइज पिस्टन कारखान्यात बनलेच नसते.

यावरचा खरा आक्षेप तांत्रिक नसून माणसांबद्दलचा आहे, आणि तो टाळता येत नाही: आपल्याकडे नीट बोरिंग करणारे कुठे उरलेत? लेथवाला पिस्टन हातात न घेता ‘अंदाजे’ बोर मारतो, होनिंगच्या रेघा नीट उमटत नाहीत, ब्लॉक धुतल्याशिवाय जुळतो, आणि सहा महिन्यांत धूर परत येतो. असं घडतं, वारंवार घडतं. पण ज्या सेकंडहँड इंजिनाच्या भरवशावर हे काम टाळायचं, ते तरी कुठून येतं? कुर्ल्याच्या भंगार बाजारातलं किंवा लिलावातून सुटलेलं इंजिन रंग मारून समोर येतं, त्याचा इतिहास कुणाला ठाऊक नसतो, आणि ते उघडून मोजण्याआधी बसवलं जातं. एका अपुऱ्या कारागिराला भिऊन अनोळखी कारागिराच्या कामावर विश्वास टाकण्यासारखं आहे हे. फरक इतकाच की स्वतःच्या ब्लॉकची मापं मालकाच्या हातात असतात, तो लेथवाल्यासमोर उभा राहून ती पुन्हा मोजून घेऊ शकतो. घेतलंच दुसरं इंजिन, तरी हेड आणि संप उतरवून पाहिल्याशिवाय ते गाडीत जाऊ नये. ते केलं की वाचलेला वेळ आणि पैसा बराचसा तिथेच संपतो.

मोठं इंजिन टाकण्याचा मोह हा वेगळाच विषय आहे, आणि माझ्या मते तिथेच सर्वाधिक चांगल्या जीपा बिघडल्या. हरिकेनचा कमाल टॉर्क सुमारे १५५ न्यूटन मीटर. २०१०च्या थारमधल्या २४९८ सीसी सीआरडीई इंजिनाचा २४७. जुन्या जीपमध्ये ते बसवून लो रेंजच्या पहिल्या गिअरला ३७ने गुणलं, की अॅक्सलकडे जाणारा पिळा साधारण ५,७०० न्यूटन मीटरवरून ९,१०० वर जातो. यावर हौशी मंडळींचं उत्तर असतं की चाक आधी घसरेल, अॅक्सल तुटायची वेळच येणार नाही. चिखलात हे खरं आहे. पण दोन खडकांच्या बेचक्यात अडकलेलं चाक घसरत नाही, आणि जास्त पकड मिळावी म्हणून मोठे टायर तर याच मंडळींनी लावलेले असतात. मग जॉइंट तुटतो, हाफ शाफ्ट पिळतो, ट्रान्सफर केसचे दात उडतात. इंजिनातला अशक्तपणा गेला नाही, तो मागे सरकला, अन् तिथे तो जास्त महाग आणि जास्त आडवाटेला उघडा पडतो. वरून आधुनिक डिझेलसोबत ईसीयू, सेन्सर आणि वायरिंगचा जुडगा येतो. कारखान्याने त्याला कोरडी जागा दिलेली असते. जुन्या जीपच्या फायरवॉलवर त्याच्या वाट्याला ओढ्याचं पाणी येतं.

हरियाणातल्या मंडी डबवालीची उघडी जीप याच्या विरुद्ध उदाहरण म्हणून सांगितली जाते. तिथले कारागीर वर्षानुवर्षं वेगवेगळ्या कुळांतली इंजिनं जीपांत बसवत आले आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ गाड्या चांगल्या चालतात. कसबाबद्दल वाद नाही. पण ते सुटे भाग घेऊन संपूर्ण गाडी उभी करतात, त्यामुळे गिअरबॉक्स आणि अॅक्सल इंजिनाच्या मागोमाग निवडले जातात. एका जीपचं फक्त इंजिन बदलून बाकी सगळं तसंच ठेवणाऱ्याला त्यांचा दाखला देता येत नाही. शिवाय कागद वेगळेच बोलतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम सैल वाचायला नकार दिला.

बदल अटळ ठरतो अशी कारणं मोजकीच आहेत: ब्लॉकला वॉटर जॅकेटपासून बोरपर्यंत गेलेली चीर, तुटलेल्या रॉडने पाडलेलं भगदाड, किंवा ज्या इंजिनाचे पिस्टन-बेअरिंग आता कुठेच मिळत नाहीत अशी अवस्था. तेव्हाही आधी जीप उचलून चेसिस पाहावी. कोकणपट्टीत वाढलेल्या गाडीच्या चेसिसवर स्प्रिंगच्या शॅकलपाशी आणि क्रॉस मेंबरच्या सांध्यांत हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. खण्ण न वाजता भद्द वाजलं तर इंजिनाचा पैसा आधी तिथे लागणार आहे, आणि तो लावल्यावर इंजिनासाठी काही उरतं का हा वेगळा हिशेब. चेसिस ठणठणीत असेल तर घ्यायचं ते त्याच जातीचं इंजिन, पक्क्या बिलासह. इंजिन नंबर बदलला की आरसी बुकातला नंबर बदलावा लागतो. त्यासाठी परवानगी आधी घेणं उत्तम. ती न घेता इंजिन बदललं गेलं असेल, तर चौदा दिवसांत आरटीओला कळवण्याचं बंधन त्याच कलम ५२मध्ये आहे. जुना ब्लॉक ती नोंद होईपर्यंत भंगारवाल्याच्या काट्यावर चढू देऊ नये, कारण आरसीवरचा नंबर तोवर त्याच्याच अंगावर कोरलेला असतो.