विषाणूचं पांघरूण, पुण्याची लस

कडाव गावाच्या आसपासच्या ठाकूर-कातकरी आदिवासी वाड्यांवर लस पोहोचते ती आइस पॅक भरलेल्या डब्यातून, आरोग्यसेविकेच्या खांद्यावरून. डब्यात २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान टिकलं तरच तिची पायपीट सार्थकी लागते. कोविडकाळात एमआरएनए लशींचं जगभर कौतुक चाललं होतं, तेव्हा मला पडलेला प्रश्न हाच होता: उणे ७० अंशांच्या आसपास साठवायची फायझरची लस या पायवाटेनं जाणार कशी?

आधी त्या लशीचं अंतरंग पाहू. कोरोनाच्या विषाणूत आरएनएचा धागा असतो आणि त्याच्याभोवती स्निग्ध पदार्थांचं आवरण. हे आवरण विषाणू स्वतः घडवत नाही. ज्या पेशीत वाढतो तिच्याच पटलाचं पांघरूण घेऊन बाहेर पडतो. साबणानं तो निकामी होतो, कारण साबण हे पांघरूणच फोडतो. लशीतही आरएनएच असतो, पण तो उघडा शरीरात टोचला तर तिथली विकरं त्याचे झटपट तुकडे करतात. म्हणून संशोधकांनी विषाणूचीच युक्ती उचलली. रोग करणारं सारं वगळलं, पांघरूण तेवढं घेतलं.

ते विणायला चार स्निग्ध पदार्थ (लिपिड) लागतात: आम्लात धनभारित होणारा एक लिपिड, एक फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल (पीईजी) जोडलेला लिपिड. चारही अल्कोहोलमध्ये विरघळवतात. आरएनए मात्र आम्लधर्मी पाण्यात ठेवतात. मग दोन्ही प्रवाह बारीक नळ्यांतून एकमेकांवर वेगानं सोडतात. पाणी मिसळताच लिपिडांना विरघळून राहता येत नाही. धनभारित लिपिड ऋणभारित आरएनएला बिलगतो आणि बाकीचे भोवती जमतात. हे काही मिलिसेकंदांत उरकतं. मिसळण्याचा वेग चुकला की कण लहानमोठे होतात, आणि कारखान्याचं खरं कसब इथंच लागतं. शेवटी अल्कोहोल गाळून काढतात आणि आम्लता उतरवतात. उरतात साधारण १०० नॅनोमीटरचे कण, जवळजवळ विषाणूच्याच मापाचे. पेशीनं कण गिळला की आतल्या आम्लामुळे लिपिड पुन्हा धनभारित होतो, कणाभोवतीची पेशीची पिशवी फुटते आणि आरएनए मोकळा होतो.

पुण्यात हिंजवडीच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सनं वेगळी वाट धरली. त्यांनी आरएनए कणाच्या पोटात न कोंडता तेलाच्या सूक्ष्म, धनभारित थेंबांच्या पृष्ठभागावर चिकटवला. भारतातली ही पहिली एमआरएनए लस. जेमकोव्हॅक-१९ या नावानं तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. पुढची जेमकोव्हॅक-ओएम जून २०२३ मध्ये आली. तिचा आरएनए पेशीत स्वतःच्या प्रती काढतो, आणि ही विद्याही अल्फाव्हायरस गटातल्या विषाणूंकडूनच घेतलेली. ती सुईविना, दाबाच्या उपकरणानं त्वचेत देतात. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की ती गोठवून कोरडी केलेली असते आणि २ ते ८ अंशांवर टिकते. म्हणजे वाडीवर जाणारा तोच जुना डबा तिला पुरतो.

विषाणूची युक्ती उचलण्याचं पुण्याचंच दुसरं उदाहरण सीरम इन्स्टिट्यूटच्या आर-२१ या मलेरियाच्या लशीचं. हिपॅटायटिस-बीच्या विषाणूचं पृष्ठप्रथिन यीस्टमध्ये वाढवलं की लिपिडसह त्याचे कण आपोआप जुळतात, आत जनुकं नसलेले, म्हणून निरुपद्रवी. त्या प्रथिनाला मलेरियाच्या जंतूचा तुकडा जोडून ही लस बनते. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली.

जेमकोव्हॅक-ओएम आली तोवर कोविडची जागतिक आणीबाणी संपली होती. मागणी ओसरली, तरी कसब हातात आहे. ते पुढच्या साथीची वाट पाहत पडू देऊ नये. डेंग्यू दर पावसाळ्यात आपल्या दारात असतो, सिंधुदुर्गात माकडताप आहे. सरकारनं आणि कंपन्यांनी या रोगांच्या लशींसाठी आत्ताच पैसा लावावा, आणि त्या वाडीवरच्या डब्यात टिकतील अशाच घडवाव्यात.