काटा आणि टोमणा

चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधिमंदिरांत चतुर्थीस मोठी गर्दी लोटते. लंबोदरापुढें हात जोडणारी मंडळी घरीं येतांच स्थूल सुनेस पंक्तींत टोमणे मारतात, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. परंतु दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं स्वतःचा सांगणें बरें. शिक्षक असतांना कवाइतीच्या तासास एका स्थूल मुलास आम्हीं 'भोपळा' म्हटलें. वर्ग हसला, आम्हीहि हसलों. पुढें तो कवाइतीस येईनासाच झाला.

गेल्या वर्षीं तो चाकणच्या रस्त्यावर भेटला. तेथील एका कारखान्यांत तो पाळीचें काम करतो. मधुमेह झाल्याचें त्यास फार उशिरां कळलें होतें. कारण विचारतां म्हणाला, "गुरुजी, दवाखान्यांत काट्याचा आंकडा मोठ्यानें वाचतात, बांकावरचीं माणसें हसतात, म्हणून जायचेंच टाळलें." त्या हसण्याचा आरंभ आमच्या वर्गांत झाला होता!

घरीं येऊन चरकसंहिता उघडली. सूत्रस्थानांत 'अष्टौनिंदितीय' नांवाचा अध्याय आहे. त्यांतील आठ निंदित देहांत अतिस्थूल आहे, तसाच अतिकृशहि आहे. स्थौल्याच्या कारणांत अतिभोजन व व्यायामाचा अभाव यांबरोबर बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली देहप्रकृति, आचार्यांनीं स्पष्ट सांगितली आहे. दिवसां झोपणें हेंहि एक कारण दिलें आहे. पण रात्रपाळीच्या कामगारानें झोपावें तरी केव्हां? मग सारा दोष एकट्या जिभेच्या माथीं मारणें हा कुठला न्याय?

शिवाय डोळ्यांस दिसणारा देह फसवा असतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचें उदाहरण २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, परंतु शरीरांतील चरबी एकाची २१.२ टक्के, तर दुसऱ्याची ९.१! सडपातळ दिसणाऱ्यानें निर्धास्त राहूं नये, हा त्यांतील बोध. २०२० सालीं अनेक देशांतील तज्ज्ञांनीं एकमतानें जाहीर केलें कीं, स्थूलांच्या हेटाळणीनें शरीर व मन दोहोंस अपाय होतो आणि योग्य उपचारहि अंतरतात.

स्थौल्यापासून रोग होतात, हें खोटें नव्हे. म्हणूनच रोग्यास वैद्याची वाट मोकळी हवी. ती टोमण्यांनीं अडवूं नये. वधूपरीक्षेंत, पंक्तींत, मुलांच्या खेळांत कोणाच्या देहास नांवें ठेवूं नयेत, एवढा नेम प्रत्येक घरानें पाळावा.

आम्हीं त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली. आतां तो वेळच्या वेळीं तपासणीस जातो. परततांना आमच्याकडे बिनसाखरेचा चहा घेतो. वजन किती, हें आम्ही विचारीत नाहीं.