रंगाखालची मग्दालीया

श्रोतेहो, शेंदराने माखलेली जुनी मूर्ती आपण सर्वांनीच पाहिली आहे. पिढ्यानपिढ्या पुटे चढतात, नाकडोळे बुजतात. मग एखाद्या दिवशी ते कवच गळून पडते आणि आतली कोरीव मूर्ती दिसू लागते. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी एका लाकडी मूर्तीचे असेच झाले. ती ज्या संत स्त्रीची, त्या मग्दालीया मरियेचेही तसेच झाले.

प्रथम मरियेविषयी. ती गालील सरोवराकाठच्या मग्दाला गावची. लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे ते असे : तिच्यातून सात भुते निघाली, आणि पुढे ती व इतर काही स्त्रिया पदरमोड करून येशूच्या मंडळींची सेवा करीत. क्रूसाजवळही ती होती. तिसऱ्या दिवशी पहाटे ती कबरीशी गेली. समोर उभ्या येशूला ती आधी माळी समजली. त्याने नावाने हाक मारताच तिने ओळखले. तो उठल्याची वार्ता शिष्यांना दिली ती तिनेच.

यात ती वेश्या होती असे कुठे आहे? कुठेच नाही! लूकने आधीच्या अध्यायात एका पापी स्त्रीची हकिकत दिली आहे. तिचे नाव नाही. बेथानीची मरिया तर निराळीच. पण ५९१ साली पोप थोरला ग्रेगरी याने प्रवचनात या तिघी एकच ठरवल्या. पुढे इजिप्तच्या मरिया नावाच्या तपस्विनीची कथाही हिलाच चिकटली : वाळवंटातले तप, जीर्ण होऊन गळालेली वस्त्रे.

दोनातेल्लोने पंधराव्या शतकाच्या मध्यास कोरली ती हीच तपस्विनी. पुरुषभर उंचीची, पॉप्लर झाडाच्या लाकडाची. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले, दात पडलेले. अंगावर वस्त्र म्हणाल तर गुडघ्यांपर्यंत आलेले स्वतःचेच केस. हात जोडायला उचललेले आहेत, पण बोटे अजून एकमेकांना टेकलेली नाहीत. पाहणाऱ्याचा श्वास तिथेच अडतो.

पुढे कुणी तिच्यावर तपकिरी रंग फासला. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर शहरात शिरला, मूर्ती चिखलात सापडली. दुरुस्तीच्या वेळी तो रंग काढला, तेव्हा खाली उन्हाने रापलेल्या कातडीचा मूळ वर्ण निघाला आणि केसांत सोन्याच्या रेषा चमकल्या!

यानंतर तीनच वर्षांनी, १९६९ साली, कॅथलिक चर्चने सणांचे सुधारलेले पंचांग काढले. त्यात २२ जुलैला स्मरण ठेवले ते फक्त कबरीशी येशूला भेटलेल्या मरियेचे. २०१६ साली तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला.

मग दोनातेल्लोची मूर्ती खोटी म्हणायची का? नाही. पश्चात्ताप कसा दिसतो, हे तिने खरेच दाखवले आहे. पण मरियेपुरता तो दुसऱ्या कुणाचा होता. एका प्रवचनातला शब्द एका बाईच्या नावाला पावणेचौदाशे वर्षे चिकटून राहिला. गुरुजनहो, वर्गात किंवा पारावर कुणाविषयी बोलताना एवढे ध्यानात ठेवू या : पूट चढवायला एक दिवस पुरतो, उतरवायला शतके लागतात.